पहिल्या खर्ड्यातला मालगुजार

१६ नोव्हेंबर २०२४

आज वर्गात माझं हसं झालं. निंबार्ते सरांनी एका रोमन शिलालेखातली लॅटिन ओळ फळ्यावर लिहिली आणि विचारलं, यातला एखादा शब्द ओळखीचा वाटतो का? मी घाईघाईनं हात वर केला आणि म्हणाले, ‘कंडक्टर.’ सगळा वर्ग खिदळला. सर म्हणाले, ‘छान. मग अड्याळचं एक फुल तिकीट द्या.’ मीही हसले, न हसून करते काय. पण शब्द खरंच कंडक्टर आहे. सम्राटाची जमीन आपल्याकडे घेऊन ती कुळांकडून कसवून घेणारा जो माणूस, त्याला लॅटिनमध्ये कंडक्टर म्हणतात.

हकिकत अशी. आफ्रिकेत, आजच्या ट्युनिशियात, सम्राटाच्या जमिनीवर राबणारी कुळं होती. वर्षातून सहा दिवस फुकट राबायचं ठरलेलं. दोन नांगरणीचे, दोन निंदणाचे, दोन कापणीचे. कंडक्टर जास्त राबवून घ्यायला लागला. अधिकाऱ्याकडे दाद मागितली तर त्यानं शिपाई पाठवून यांनाच बडवलं, कारण कंडक्टरच्या भेटवस्तू त्याच्या घरी आधीच पोचलेल्या. शेवटी कुळांनी थेट कॉमोडस सम्राटाला अर्ज केला. त्याचं उत्तर आलं, ठरल्यापेक्षा जास्त राबवू नका. तो अर्ज आणि ते उत्तर त्यांनी दगडावर कोरून ठेवलं.

वर्गातल्या बाकीच्यांना सम्राटांचे खून आणि लफडी आवडतात. मला हा दगड आवडला. त्यातली माणसं मला आमच्या आसगावची वाटली.

दुसरी बातमी याहून मोठी. पुण्याच्या एका संस्थेत शिलालेख वाचायचं दोन वर्षांचं शिक्षण आहे, राहणं-जेवण त्यांच्याकडे. आमच्या कॉलेजातून एकाच मुलाचं किंवा मुलीचं नाव जाणार. अट एकच, एखाद्या मूळ साधनाचा मराठी अनुवाद स्वतःच्या नावावर हवा, तोही लॅटिनवरून. वर्गात लॅटिनला हात लावणाऱ्या आम्ही दोघीच, मी आणि कीर्ती. कीर्तीचं वैशाखात लग्न आहे, तिला पुण्याला जायचंच नाही. म्हणजे ही जागा माझी. असं लिहू नये, दृष्ट लागते. पण लिहिलं.

२१ नोव्हेंबर

घरी धान चुरणं चालू आहे. थ्रेशरच्या धुळीनं डोळे लाल झालेत. तरी दुपारी आंब्याखाली बसून दगडाचा अनुवाद पुरा केला. पुरा म्हणजे पुस्तकाच्या मार्जिनमध्ये गिचमिड. ती मलाच लागते, दुसऱ्याला नाही.

‘कंडक्टर’ला मराठीत काय म्हणायचं यावर अडले होते. आईला विचारलं, दुसऱ्याची जमीन गावाकडून कसवून घेतो, वरून बेगार घेतो, त्याला काय म्हणावं? आई सूप पाखडता पाखडता म्हणाली, ‘मालगुजार. आनखी काय?’ शब्द असा चपखल बसला की मी उडीच मारली. सगळीकडे मालगुजार घातलं.

संध्याकाळी दादाला वाचून दाखवलं आणि त्यानं टाइप करून घेतलं, त्याच्या फोनवरच. माझा दादा संघपाल याच कॉलेजात इतिहास शिकवतो, पण तासिका तत्त्वावर. नेट झालं, पीएच.डी. झाली, तरी दरवर्षी जून आला की याचं भविष्य पुन्हा पहिल्या पानावर. मला लॅटिन यानंच शिकवलं. बाबा गेले त्या वर्षी मी शाळा सोडायची म्हणत होते, तेव्हा रोज सायकलवर मागे बसवून नेणाराही हाच. मी वाचत होते तसे त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, ‘रश्मे, हे तर भल्लंच जमलं वं.’ दादा कौतुक करत नाही कुणाचं. मी हवेत आहे.

नंतर चहा घेऊन खळ्यावर गेले तर आई आणि दादा काहीतरी बोलत होते, मला पाहून गप्प झाले. दादाच्या लग्नाचं असणार. मला कळलं की मी साऱ्या गावाला सांगत सुटते, म्हणून लपवतात.

१ डिसेंबर

कीर्तीनं आज माझा मालगुजार मारला.

अड्याळच्या बाजारात तिच्या बाबांचं, नंदलाल काकांचं, साड्यांचं दुकान लागतं. घरच्या मागावरच्या आणि बाहेरच्या, दोन्ही. कीर्ती गल्ल्याशी बसली होती, लॅपटॉप मांडीवर. म्हणाली, सांग, मी टाइप करते. मी पहिलीच ओळ सांगितली आणि तिनं हात थांबवला.

‘मालगुजार काहून म्हणून राहिली? मालगुजाराची जमीन त्याची सोताची राहे. हा तर पाच सालासाठी घेऊन बसला ना?’

‘मग काय म्हणू?’

तिनं हनुवटीनं समोर दाखवलं. बाजाराची पावती फाडणारा माणूस पिशवी काखेत मारून ओळीनं फिरत होता. ‘तो पाह्य. जागा ग्रामपंचायतीची, वसुली याची. याले काय म्हणतेत? मक्तेदार.’

मला राग आला, कारण ती बरोबर होती. आपल्याकडे जमिनीवर बसून हुकूम सोडणारा तो मालगुजार, एवढंच माझ्या डोक्यात. रोमन माणूस मालक नव्हताच. मग पहिल्या ओळीपासून मक्तेदार घालत सगळं नव्यानं सांगितलं आणि तिनं टाइप केलं. तिच्या फाइलला तिनं नाव दिलं ‘रश्मीचा दगड’. काकांनी आम्हांला भजी खाऊ घातली. दादाला हा बदल सांगायचा राहिला, सांगीन सावकाश.

१३ डिसेंबर

आजचा तास फार आवडला. जुनी पुस्तकं हातानं उतरवत, तेव्हा उतरवणारा चुका करायचा, त्याच्यावरून उतरवणारा त्याच चुका उतरवायचा. सर म्हणाले, दोन प्रतींत शुद्ध मजकूर सारखा असला तर काही सिद्ध होत नाही. चूक सारखी असली तर समजा, त्या एकाच आईच्या लेकी. हे वाक्य मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, हे सरांनी त्याच्याच टिपणांतून उचललंय. मला वाटलं, गंमत करतो.

तासानंतर मी सरांना अनुवाद द्यायला गेले तर म्हणाले, ‘एवढी घाई कशाला? संक्रांत होऊ द्या. तुमच्या भावाकडून कळतं मला सगळं.’ सरांची स्वतःची एक पुस्तिका यायची आहे, रोमन साधनांची. प्रमोशनला लागते म्हणतात. ते गडबडीत असतील.

५ जानेवारी २०२५

घरात सण असल्यासारखं वातावरण आहे. कॉलेजात इतिहासाची कायम जागा निघाली. खरोखर निघाली, जाहिरात पेपरात आली. मुलाखत मार्चमध्ये. निंबार्ते सर पॅनलवर आहेत. दादा शर्ट इस्त्री करून ठेवतो आणि रोज एकदा पाहतो. मी चिडवते की मुलाखतीपर्यंत शर्ट म्हातारा होईल. तो हसत नाही.

आई मात्र माझ्यावर फारच मेहेरबान. आज मला आवडतात म्हणून वडे तळले, डोक्याला तेल लावून दिलं. मी म्हटलं, आई, पुण्याला माझ्या नावानं अनुवाद जाईल तेव्हा तू काय करशील? म्हणाली, ‘पोरीच्या जातीले नावाचं काय वं एवढं? लगीन झालं का बदलतेच ते.’ मी म्हटलं, मी नाही बदलणार. आई तेल चोळत राहिली. तिचं हे नेहमीचंच, जुन्या वळणाचं.

दादा म्हणाला, अनुवादाचं तो स्वतः सरांशी बोलतो, मी सारखं मागे लागू नये. त्याला माझी किती काळजी.

११ फेब्रुवारी



कॉलेजच्या सभागृहात सरांच्या पुस्तिकेचं प्रकाशन झालं. मी टाळ्या वाजवायला पुढच्या रांगेत बसले होते. सरांनी व्यासपीठावरून एक उतारा वाचून दाखवला. दोन दिवस नांगरणीचे, दोन निंदणाचे, दोन कापणीचे. मग ते वाक्य, ‘आमच्या हातांशिवाय आमच्यापाशी काही नाही आणि तेच हात त्यांनी बांधले.’ ते वाक्य माझं आहे. लॅटिनमध्ये हात बांधायचं काही नाही, ते मी मारहाणीच्या ओळीवरून, शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच्या आंब्याखाली बसून, केलेलं आहे. ‘निंदणाचे’ही माझं. आणि मुखपृष्ठावर एकच नाव, अनुवाद व संपादन डॉ. चंद्रकुमार निंबार्ते.

पुस्तिका हातात घेववली नाही. बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं. लोक सरांना हार घालत होते.

मला पहिल्यांदा विश्वासघात या शब्दाचा अर्थ कळला, असं लिहिणार होते. पण अर्थ नाही कळला.

१२ फेब्रुवारी

आज पौर्णिमा, आई विहारात गेली होती. दादा आणि मी दोघेच घरी. मी म्हटलं, सरांकडे माझा मजकूर गेला कसा? मी तर दिलाच नव्हता.

दादा जमिनीकडे पाहत म्हणाला, ‘फाइल कोणाच्या लॅपटॉपवर हाय?’

एवढंच म्हणाला. कीर्ती! लग्नाआधी एम.ए.चे मार्क हवेत तिला, सासरी दाखवायला. सरांना खूश करायला दिलं असेल. मी तडक गाडी पकडली, बाजारात गेले आणि गिऱ्हाइकांसमोर तिला नको ते बोलले. चोर म्हटलं. तुमच्या घरात विकणं एवढंच येतं असं म्हटलं. नंदलाल काका साडीची घडी हातात धरून उभेच राहिले.

कीर्ती म्हणाली, ‘काहून बोलून राहिली तू मले असं? म्या कोणाले नाही देल्ली.’ तिला रडूही आलं नाही. मला वाटलं, बघा, निर्ढावलेली आहे.

परत येताना गाडीत दोन बायका माझ्याकडे पाहत होत्या, कारण मी मोठ्यानं रडत होते. माझी एकच मैत्रीण होती. तिनंच असं करावं.

१४ फेब्रुवारी

दादानं मला हात धरून जेवायला बसवलं. हा नसता तर मी काय केलं असतं.

२२ फेब्रुवारी

कीर्तीनं प्राचार्यांकडे अर्ज दिला. माझ्याविरुद्ध नाही, सरांविरुद्धही नाही. अर्जात म्हटलंय की तिला सर्वांसमोर चोर म्हटलं गेलं, तर मजकूर सरांकडे कुणी दिला याची चौकशी करा आणि काय ते ठरवा. किती ही हिंमत! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, तसं झालं. पाच मार्चला चौकशी आहे, मला आणि दादालाही बोलावलंय, कारण सरांच्या पुस्तिकेचं टंकलेखन दादानं पाहिलं होतं. हे मला आज कळलं. म्हटलं, दादा, मग तुला माझी वाक्यं ओळखू आली नाहीत? म्हणाला, पानं तुकड्या-तुकड्यानं यायची, लक्ष नाही गेलं.

आई म्हणते, चौकशी-बिवकशी कशाला, जाऊ दे, घरातलं घरात ठेव. पण आई, हे घरातलं कुठं आहे?

२७ फेब्रुवारी

आज वाचनालयात बसून ती पुस्तिका वाचली. इतके दिवस हातच लावला नव्हता. चौकशीत पान दाखवावं लागेल म्हणून नाइलाजानं उघडली.

पहिल्याच ओळीत मालगुजार.

दुसऱ्या ओळीत मालगुजार. पुढेही सगळीकडे. मक्तेदार एकदासुद्धा नाही.

मी उठून पाणी प्यायले आणि परत येऊन पाहिलं, तरी मालगुजारच. कीर्तीच्या फाइलमध्ये हा शब्द कधी नव्हता. तिनं तो टाइप होण्याआधीच मारला होता. तो जगात फक्त दोन ठिकाणी होता, माझ्या पुस्तकाच्या मार्जिनमध्ये आणि दादाच्या फोनमध्ये. ती चूक माझी आणि आईची, आमच्या घरची. माझं पुस्तक माझ्या हातातून कधी दुसऱ्याकडे गेलेलं नाही. सरांना शब्द चुकीचा आहे हेही कळलं नाही, वाचलंच नसेल त्यांनी नीट.

मला ही रीत याच सरांनी शिकवली. मी वाचनालयात बसून दुसरी काहीतरी शक्यता शोधत राहिले. वाचनालयातली बाई म्हणाली, बंद करायचं आहे.

२८ फेब्रुवारी

दादा अंगणात गाडी पुसत होता. मी विचारलं, ‘दादा, दगडातला मालगुजार कोन?’

तो हसला. ‘अवं, कंडक्टर ना तुझा.’

‘कीर्तीनं तो शब्द पहिल्याच ओळीत काढला होता. तिच्यापाशी मालगुजार नव्हताच.’

फडकं त्याच्या हातात तसंच राहिलं. मग तो खाली बसला, गाडीच्या चाकाशी.

‘सरानं मागतलं,’ म्हणाला. ‘मी नाही कसा म्हनू? पॅनलवर तेच हायेत.’

‘माह्यं होतं ते.’

‘तुले म्या शिकवलं ना वं. त्यातलं अर्धं माह्यंच हाय.’

‘मग तुह्यं नाव तरी लावाचं होतं. सराचं काहून?’

त्यानं फडकं चाकावर फिरवलं. म्हणाला, ‘तुले पुढच्या साली बी पुणं हाय. मले पुढच्या साली काही नाही. वय निघून चाललं माह्यं, रश्मे.’

‘आन कीर्तीचं नाव काहून घेतलं?’

‘म्या नाही घेतलं. म्या इचारलं, फाइल कोठी हाय. नाव तुनं घेतलं.’

हे खरं आहे. हेच सहन होत नाही. मला कसं वळवायचं हे त्याला माहीत आहे, कारण मला वाढवलंच त्यानं. मला ओरडायचं होतं, पण शेजारी कैलाशच्या घरचे ओट्यावर बसले होते, म्हणून घरात जाऊन दार लावलं. मला दादाची किळस येत नाही. आली असती तर सोपं झालं असतं.

३ मार्च

कीर्तीच्या दुकानापर्यंत गेले होते. समोरच्या पानठेल्याशी उभी राहिले. ती गिऱ्हाइकाला पदर उलगडून दाखवत होती. काय सांगू तिला? की तू चोर नाहीस, माझा भाऊ आहे, पण हे तू कुणाला सांगू नको? तिची आई कौशल्या काकू दारात आली तशी मी वळले.

ठरवलंय. चौकशीत मी काहीच बोलणार नाही. आठवत नाही म्हणेन. मुलाखत वीस तारखेला आहे, तोवर दादाला जपायला हवं. कीर्तीवरही काही सिद्ध होणार नाही, तीही सुटेल. पुणं जाईल. जाऊ दे. बाबा असते तर काय म्हणाले असते हे मी मुद्दाम आठवत नाही.

५ मार्च

प्राचार्य मॅडम, बाहेरून आलेल्या एक बाई, निंबार्ते सर, दादा, कीर्ती आणि मी. पंखा कुरकुरत होता. दादानं तोच इस्त्रीचा शर्ट घातला होता.

सर अगदी शांत. ‘मजकूर माझ्याकडे विद्यार्थ्यांच्या गटकार्यातून आला. संघपालनं आणून दिला. कुणाचा वैयक्तिक आहे हे मला माहीत असण्याचं कारण नाही.’

मॅडमनी दादाला विचारलं, तुम्हांला कुणी दिला?

मला वाटलं, तो म्हणेल, आठवत नाही. आम्ही दोघंही आठवत नाही म्हणू आणि घरी जाऊ. दादा उभा राहिला. वर्गात शिकवतो त्या आवाजात, प्रत्येक शब्द सुटा करत, म्हणाला, ‘कीर्तीनं. पेनड्राइव्हवर. सरांना द्या म्हणाली.’

कीर्ती त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहत होती.

मी उभी राहिले ते मला आठवतं, काय ठरवून उभी राहिले ते नाही. म्हणाले, ‘मॅडम, कीर्तीच्या लॅपटॉपवरची फाइल पहा. मग पुस्तिकेची पहिली ओळ पहा.’ कीर्तीनं लॅपटॉप आणलाच होता. बाहेरच्या बाईंनी दोन्ही शेजारी ठेवून वाचलं. एकीत मक्तेदार, दुसरीत मालगुजार. त्यांनी विचारलं, मालगुजार लिहिलेली प्रत कुणाकडे होती?

‘एकाकडेच. संघपाल रामटेके यांच्याकडे. मी स्वतः सांगितली, त्यांनी उतरवून घेतली. माझा भाऊ आहे.’

दादा म्हणाला, ‘रश्मी.’ वडिलांसारखा म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

बाहेर व्हरांड्यात कीर्तीला गाठलं. माफ कर म्हटलं. तिनं विचारलं, ‘तुले कवापासून माहीत होतं?’ मी खरं सांगितलं. ती म्हणाली, ‘म्हंजे आज त्यानं माह्यं नाव घेतलंच नसतं, तर तू चूप राहिली असती.’ मी हो म्हणाले. ती जिना उतरून गेली. मीही तिच्याशी काय केलंय ते मला तेव्हा दिसलं, आणि मी तिथंच पायरीवर बसून राहिले.

१० मार्च

निकाल लागला. पुस्तिका मागे घेऊन पुन्हा छापायची. दगडाच्या पानावर माझं नाव येईल, मुखपृष्ठावर सरांचंच राहील. सरांना समज देण्यात आली आहे. समज म्हणजे काय ते कुणी सांगत नाही. ते आजही वर्गावर आले आणि हजेरीत माझं नाव नेहमीसारखंच घेतलं. दादाचे तास मात्र आजपासूनच बंद. मुलाखतीला यायची गरज नाही, असा फोन आला. मॅडमनी पुण्याला माझी शिफारस पाठवली आहे.

मला वाटलं होतं, खरं बोलल्यावर ज्यानं मागितलं त्याचंही काहीतरी होईल.

१६ मार्च

दादा नागपूरला गेला, कुठल्यातरी शिकवणी वर्गात शिकवायला. जाताना माझ्याशी बोलला नाही. चपला घालताना क्षणभर थांबला, मी दाराआडून पाहत होते. मग गेला.

२ एप्रिल

पुण्याहून पत्र आलं. माझी निवड झाली, पंधरा जूनला हजर व्हायचं आहे.

आई उन्हाळी धानाचं निंदण करून आली होती, पाय धूत होती. मी तिला पत्र वाचून दाखवलं, पूर्ण. ती म्हणाली, ‘चांगलं झालं.’ मग पाय पुसत बसली, बराच वेळ. मी आत जायला निघाले तर म्हणाली, ‘थांब. एक सांगाचं हाय.’

‘काय?’

‘संघपालनं मले इचारूनच देल्लं होतं ते. धान चुरत होतो ना आपन, तवा. माय, देऊ का म्हने. म्या म्हटलं, दे.’

मी पत्र हातात धरून उभी होते.

‘काहून, आई?’

‘तू पोरगी. शिकली ते शिकली, कोठी बी जाशील, कोनी बी नेईल तुले. त्याले कोन नेते? त्याले मीच होतो.’ मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, ‘आता ताट वाढतो, जेव.’

ते वडे, ते तेल, ते सगळं नोव्हेंबरपासूनचं. आईनं वाढलं आणि मी जेवले, कारण भूक लागली होती. ती समोर बसून, मी पोटभर जेवते की नाही ते पाहत होती. जेवून उठले तेव्हा तिनं विचारलं, ‘जाशील ना मंग, पुण्याले?’ मी जाईन म्हणाले. ‘आन येशील?’ म्हणाली.

तिला काय उत्तर द्यावं ते अजून ठरलेलं नाही. ती स्वयंपाकघरात भांडी घासते आहे आणि मला बाहेर ऐकू येतंय, ती रडते आहे.